दिवाळं काढायलाही पैसे लागतात? अमेरिकेतली मोफत कायदेशीर मदत आणि तिच्या देणग्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहतो आणि महिन्यातले दोन शनिवार एका मोफत लीगल क्लिनिकमध्ये जातो. वकील नाही हां मी, कागद लावून देणारा माणूस. कर्जात बुडालेल्या लोकांना दिवाळखोरीचा अर्ज फुकट करून द्यायचा असं तिथलं काम. गणपतीत मंडळाच्या स्टॉलवर यासाठी देणगी मागायला बसलो की दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकेकाला उत्तरं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतोय. हा कायदेशीर सल्ला नाही, आपल्या केससाठी वकिलालाच विचारा.

ज्याचं दिवाळं निघालंय त्याला कसला आलाय खर्च?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि बरोबरच आहे, मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं. साध्या माणसाची नेहमीची दिवाळखोरी म्हणजे चॅप्टर ७. त्याची कोर्ट फी ३३८ डॉलर. अर्जाआधी एक क्रेडिट काउन्सेलिंगचा कोर्स आणि अर्जानंतर पैशांच्या नियोजनाचा दुसरा, दोन्ही सक्तीचे, २००५ च्या कायद्याने आणलेले, त्यांचेही थोडेफार पैसे पडतात. आणि मग वकील, तो सहज हजार-दीड हजार डॉलर घेतो, मोठ्या शहरात त्याहून जास्त.

बरं, चॅप्टर ७ मध्ये वकील फी आधीच का मागतो? कारण अर्ज टाकला की आधीची देणी पुसली जातात आणि त्यात वकिलाची उरलेली फीसुद्धा येते! म्हणून तो उधारीवर कामच करत नाही. लोक मग फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबतात, टॅक्सचा रिफंड आला की तो वकिलाला देतात. चॅप्टर १३ म्हणजे हप्त्याने कर्ज फेडायची दिवाळखोरी, तिच्यात वकिलाची फीही हप्त्याने देता येते, म्हणून काही ठिकाणी गरीब माणसाला तिकडेच वळवतात, पण त्यात तीन ते पाच वर्षं हप्ते भरायचे असतात, आणि मधेच हप्ता चुकून केस बाद झाली की कर्ज जिथल्या तिथे आणि भरलेले पैसे गेले.

गरिबाला कोर्ट फी माफ नाही का होत?

होते. घरचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या दीडपटीच्या खाली असेल आणि हप्त्यानेही फी देणं जमत नसेल तर चॅप्टर ७ ची फी माफ करायचा अधिकार जजला आहे. २०२५ च्या आकड्यांनी एकट्या माणसाला वर्षाला २३,४७५ डॉलर, चौघांच्या घराला ४८,२२५. नाहीतर चार हप्ते मिळतात. पण फी माफीची सोय २००५ पासूनची, त्याआधी नव्हती, आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

रॉबर्ट क्रास म्हणून न्यूयॉर्कचा एक माणूस होता. विमा कंपनीसाठी प्रीमियम गोळा करायचा. गोळा केलेले पैसे त्याच्या घरातून चोरीला गेले, ते भरून देता आले नाहीत, १९६९ मध्ये नोकरी गेली. अडीच खोल्यांचं घर, त्यात बायको, दोन मुलं, आई आणि आईची सहा वर्षांची मुलगी, धाकट्या मुलाला फुप्फुसाचा जन्मजात आजार. कर्ज ६ हजार डॉलरच्या वर. दिवाळखोरीची फी तेव्हा ५० डॉलर होती आणि तो म्हणाला माझ्याकडे तेवढेही नाहीत, माफ करा. केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी तो हरला. जस्टिस ब्लॅकमन यांनी हिशोब मांडला की हप्ते लांबवले तर आठवड्याला १ डॉलर २८ सेंट पडतात, म्हणजे सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी, सिगारेटच्या एक-दोन पाकिटांएवढे. जस्टिस मार्शल यांनी विरोधी मतात सुनावलं की खरा गरीब माणूस सिनेमाला जातच नाही हो, आणि सिगारेटचं पाकीट ही त्याची चैन असते. मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा चहा गार झाला होता.

सरकार मोफत वकील देतं ना? पिक्चरमध्ये तर दाखवतात.

ते फौजदारीत. १९६३ च्या गिडियन केसनंतर तुरुंगात जायची वेळ आलेल्या गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. दिवाळखोरी हा दिवाणी मामला, तिथे असा हक्क नाही. दिवाणीसाठी लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन आहे, १९७४ ची, अमेरिकेची संसद (तिथली काँग्रेस) तिला पैसे देते आणि ती देशभरातल्या लीगल एड, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या ऑफिसांना वाटते. २०२४ साली हा आकडा ५६ कोटी डॉलर होता. ऐकायला मोठा वाटतो, पण यात घरातून काढणं, नवऱ्याची मारहाण, पेन्शन अडकणं सगळंच आलं आणि दिवाळखोरी रांगेत मागे उभी. त्यांच्याच २०२२ च्या अहवालात म्हटलंय की गरिबांच्या मोठ्या दिवाणी अडचणींपैकी ९२ टक्क्यांत मदत मिळतच नाही किंवा पुरेशी मिळत नाही. शिवाय या पैशाला अटी आहेत, उत्पन्न साधारण दारिद्र्यरेषेच्या सव्वापटीच्या आत हवं. म्हणजे बघा, सव्वापट आणि दीडपट यांच्या मधला माणूस कोर्ट फी माफीला बसतो पण लीगल एडच्या वकिलाला सहसा बसत नाही. अशांसाठीच देणगीचा पैसा लागतो.

मग हा बाकीचा पैसा येतो तरी कुठून?

चार-पाच नळ आहेत आणि एकही भरवशाचा नाही.

पहिला आयोल्टा, म्हणजे वकिलांच्या ट्रस्ट खात्यावरचं व्याज. घर विकताना किंवा केस मिटताना अशिलाचे पैसे वकिलाकडे चार दिवस पडून असतात. रक्कम छोटी, मुदत कमी, एकेकट्याचं व्याज काढत बसायला परवडत नाही, मग ते सगळे पैसे एका व्याजाच्या खात्यात ठेवतात आणि व्याज राज्याच्या फंडातून लीगल एडला जातं. फ्लोरिडाने १९८१ मध्ये सुरू केलं, आता सगळ्या राज्यांत आहे. कल्पना झकास, कोणाच्या खिशाला चाट नाही. पण मंदी आली की मध्यवर्ती बँक व्याजदर खाली आणते, २००८ नंतर तेच झालं आणि २०२० मध्ये परत तेच. म्हणजे लोकांच्या नोकऱ्या जातात, क्लिनिकबाहेर रांग वाढते, आणि नेमका तेव्हाच हा नळ आटतो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच!

दुसरा, मोठ्या क्लास अ‍ॅक्शन खटल्यांच्या, म्हणजे अनेकांच्या वतीने एकत्र लावलेल्या दाव्यांच्या, तडजोडीतला उरलेला पैसा. काही लोक आपला वाटा घ्यायला येतच नाहीत, तो उरलेला पैसा कोर्ट कधी कधी लीगल एडला देतं. मिळाला तर मिळाला, लॉटरीच ती.

तिसरा, दिवाळखोरीच्या धंद्यातल्याच लोकांच्या देणग्या. अमेरिकन कॉलेज ऑफ बँकरप्सी नावाची नावाजलेल्या दिवाळखोरी वकिलांची आणि जजांची संस्था आहे, तिचं फाउंडेशन दरवर्षी फक्त असल्या मोफत दिवाळखोरी मदतीलाच अनुदानं देतं. बड्या कंपन्या बुडताना जे वकील तासाला हजार डॉलर लावतात त्यांच्या वर्गणीतून कोणाच्या तरी नर्सिंग होममधल्या मावशीची केस होते, मला यात एक प्रकारचा न्याय दिसतो.

चौथा, वकिलांचा फुकट वेळ. वर्षाला ५० तास असं त्यांच्या बार असोसिएशनच्या आदर्श नियमात म्हटलंय, सक्ती नाही. न्यूयॉर्कने मात्र सनद मिळायच्या आधीच ५० तास सक्तीचे केलेत.

आणि पाचवे तुम्ही-आम्ही.

वकील फुकट येतात तर देणगी कशाला पाहिजे?

कारण वकील येतो शेवटच्या दोन तासांसाठी. त्याच्या आधीचं काम कोणीतरी पगारावर करत असतं.

एक शनिवार सांगतो. साठीच्या आसपासची एक बाई आली, हातात किराण्याच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, आत पाकिटं. सत्तरएक तरी असतील, एकही फोडलेलं नाही. भीती वाटते म्हणाली, म्हणून उघडत नाही. मी आणि आमच्या इंटेकच्या (आलेल्या माणसाची माहिती आणि कागद घेणाऱ्या) ताई टेबलावर गठ्ठे लावत बसलो, हॉस्पिटलची एकीकडे, क्रेडिट कार्डांची दुसरीकडे, वसुलीवाल्यांची तिसरीकडे, कारण एकच कर्ज तीन कंपन्यांनी विकत घेऊन तीन नावांनी मागितलेलं असतं, ते जुळवावं लागतं. आणि तळाला कोर्टाचं समन्स, आठ महिने जुनं. उत्तर द्यायला ३५ दिवस होते. ते कधीच गेले, एकतर्फी निकाल लागला, पुढच्या पाकिटात पगारातून कापायची ऑर्डर. पगार कमी का येतोय हे बाईला त्या दिवशी कळलं.

हे सगळं लावायला तीन तास गेले आणि मग वकिलाने पस्तीस मिनिटांत केस समजून घेतली. तर देणगी जाते त्या ताईंच्या पगारात, वकिलाच्या हातून चूक झाली तर त्यासाठीच्या विम्यात, क्रेडिट रिपोर्टमध्ये, फॉर्म भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्कॅनरमध्ये. अजिबात फोटो काढण्यासारखं काही नाही. शाळेच्या दप्तरांना देणगी पटकन मिळते, स्कॅनरला कोण देतो? दिवाळखोरी म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात ते वेगळंच.

उधळपट्टी करणाऱ्यांना का मदत करायची? अंथरूण पाहून पाय पसरावेत ना.

काका लोकांचा आवडता प्रश्न. असतात की तसेही, नाही म्हणत नाही. पण आमच्या टेबलावर मी जास्त करून पाहतो ते आजारपण, गेलेली नोकरी, घटस्फोट, कोणाच्या तरी कर्जाला दिलेली सही. अंथरूण पाहूनच झोपले होते, कोणीतरी अंथरूणच ओढलं.

आणि पगार कापण्याचा हिशोब एकदा बघा. केंद्रीय कायद्याप्रमाणे साध्या कर्जासाठी हातात येणाऱ्या पगारातले २५ टक्क्यांपर्यंत कापता येतात, आठवड्याचे २१७ डॉलर ५० सेंट तेवढे सुरक्षित. काही राज्यं यापेक्षा दयाळू आहेत, आमच्याकडे बऱ्याचदा १० टक्क्यांवर भागतं. भाडं भरून जेमतेम उरणाऱ्या घरातून पाव पगार गेला की पुढच्या महिन्यात भाडं थकतं आणि मग घर जातं. दिवाळखोरीचा अर्ज पडला की त्या क्षणापासून वसुली थांबते, फोन थांबतात, पगारातली कपात थांबते. सगळं नीट असेल तर चारेक महिन्यांत केस संपते. क्रेडिट रिपोर्टवर दहा वर्षं डाग राहतो आणि आठ वर्षं परत चॅप्टर ७ ची माफी मिळत नाही, तेव्हा मजा म्हणून कोणी करत नाही हे.

त्यापेक्षा त्यांचं कर्जच आपण फेडून टाकलं तर?

असंही करणारे आहेत. अनड्यू मेडिकल डेट नावाची संस्था (आधीचं नाव आरआयपी मेडिकल डेट) २०१४ मध्ये कर्जवसुलीच्याच धंद्यातल्या दोघांनी काढली. जुनी हॉस्पिटलची कर्जं बाजारात डॉलरला काही सेंट अशा भावाने विकली जातात, ती ते घाऊक घेतात आणि माफ करून टाकतात. देणगीदाराला फार आवडतं, १०० डॉलर दिले की १० हजारांच्या आसपासचं कर्ज पुसलं असं सांगता येतं. पण २०२४ मध्ये अर्थतज्ज्ञांचा एक अभ्यास आला, ८३ हजारांवर लोकांचं सुमारे १६.९ कोटी डॉलरचं कर्ज असं माफ झालेलं, आणि त्यांच्या आर्थिक ओढाताणीत किंवा मनःस्थितीत सरासरी काही फरकच दिसला नाही. मला नवल वाटलं नाही. इतक्या स्वस्तात विकलं जाणारं कर्ज बहुतेक वसूल होणारच नसतं, आणि माणसाच्या डोक्यावर तेवढं एकच थोडी असतं? दिवाळखोरीत सगळ्यांचा हिशोब एकदम होतो. माझं मत विचाराल तर वकिलाच्या तासांना पैसे द्या.

ऑनलाइन फुकट करता येतं म्हणे?

हो, अपसॉल्व्ह. २०१६ मध्ये सुरू झालेली ना-नफा संस्था, रोहन पावुलुरी हा संस्थापकांपैकी एक, तेव्हा हार्वर्डचा विद्यार्थी होता. साधी सरळ चॅप्टर ७ केस असेल तर प्रश्नांची उत्तरं भरत जायची, अर्ज तयार होतो, संस्था देणग्या आणि अनुदानांवर चालते. खूप लोकांचं काम झालंय त्यांच्यामुळे. स्वतःचं घर असेल, धंदा असेल, नातेवाइकाला अलीकडे पैसे किंवा मालमत्ता दिली असेल तर मात्र माणूस वकीलच लागतो.

प्रत्येकाला दिवाळं काढावंच लागतं का?

नाही, आणि मोफत सल्ल्याचा खरा फायदा मला इथे वाटतो. एखाद्या आजोबांचं उत्पन्न म्हणजे फक्त सोशल सिक्युरिटी (इथली सरकारी पेन्शन), घर भाड्याचं, गाडी जुनी. सोशल सिक्युरिटीला साध्या सावकाराला हात लावता येत नाही, म्हणजे त्यांच्याकडून कोणी काही घेऊच शकत नाही. वकील सांगतो, काहीही करू नका, हे पत्र पाठवून वसुलीवाल्यांचे फोन बंद करा आणि घरी जा. पैसे घेणारा दुकानदार वकील असं क्वचितच सांगेल.

सगळं कर्ज पुसलं जातं?

नाही. मुलांची पोटगी, बहुतेक टॅक्स, कोर्टाचे दंड राहतात. स्टुडंट लोनसाठी वेगळा दावा लावावा लागतो, नोव्हेंबर २०२२ पासून सरकारी लोनसाठी तो थोडा सोपा झालाय.

मी एच-१बीवर आहे, नोकरी गेली, कार्डांवर कर्ज झालंय. मला चालतं का? आणि पुण्यातला फ्लॅट दाखवायचा का?

हा प्रश्न स्टॉलवर कोणी विचारत नाही, नंतर पार्किंगमध्ये हळूच विचारतात. दिवाळखोरीला नागरिकत्व लागत नाही, इथे राहत असलात किंवा इथे मालमत्ता असली तरी अर्ज करता येतो. लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनच्या पैशातून मात्र एच-१बीवाल्यांना सहसा मदत मिळत नाही, छळ झालेल्यांसारखे अपवाद सोडले तर. तिथे परत देणगीवर चालणारी क्लिनिकंच कामाला येतात.

आणि फ्लॅट? दाखवायचा. जगात कुठेही असलेलं सगळं दाखवायचं. पुण्यातला फ्लॅट, गावच्या सातबाऱ्यावर भावांबरोबर असलेलं नाव, पीपीएफ, बँकेतली एफडी, आईबरोबरचं जॉइंट अकाउंट, सगळं. "त्यांना कुठं कळणार" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! अर्जावर शपथेवर सही असते, लपवाछपवी हा केंद्रीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. जमिनीतला हिस्सा दाखवल्याने ती लगेच जाते असं नाही, पण न दाखवल्याने सगळंच जाऊ शकतं.

मंगळसूत्र जातं का हो?

विचारलंत ते बरं केलं. दागिने यादीत लिहावे लागतात, आजच्या विकायच्या भावाने. काही वस्तूंना ठरावीक किमतीपर्यंत हात लावता येत नाही, त्या केंद्रीय सवलतीत दागिन्यांसाठी साधारण २ हजार डॉलरची वेगळी सूट आहे, आणि घराची सूट वापरली नसेल तर कशालाही लावता येईल अशी बरीच मोठी दुसरी सूट मिळते. त्यामुळे बहुतेक वेळा वाचतं. राज्याप्रमाणे नियम बदलतात आणि सोन्याचा भाव हल्ली काय झालाय ते तुम्हाला माहितीये, तेव्हा पाटल्या-बांगड्यांसकट वजन करून वकिलाला सांगा. भांडीकुंडी, सोफा, कपडे यांची चिंता नको, गॅरेज सेलला काय येतील तेवढीच किंमत धरतात.

मी वकील नाही, शनिवारी येऊन काय करू?

दुभाषा व्हा, पाकिटं लावा, स्कॅन करा. फक्त "तुम्ही चॅप्टर ७ च करा" असं तोंडातून काढायचं नाही, वकील नसताना सल्ला देणं हा इथे गुन्हा ठरू शकतो. मी एकदा उत्साहात काकूंना मराठीत जरा जास्तच समजावलं आणि आमच्या सुपरवायझर बाईंनी बाजूला घेऊन असं झापलं की बस.

देणगी द्यायची तर संस्था खरी आहे हे कसं ओळखू?

५०१ (सी) (३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेचा दर्जा आहे का ते आयआरएसच्या (इथलं कर खातं) साइटवर नाव टाकून बघा. फॉर्म ९९०, म्हणजे संस्थेचं वार्षिक विवरणपत्र मागा, तो सार्वजनिक असतो, त्यात पगार आणि खर्च दिसतात. सरळ विचारा, गेल्या वर्षी किती केस दाखल केल्या आणि किती लोकांना नुसता सल्ला दिला. चांगली माणसं आकडा लगेच सांगतात. शक्यतो पैसे अमुकच कामाला वापरा अशी अट घालू नका, नाहीतर संस्थेकडे ब्रोशरला पैसे असतात आणि इंटेकला नसतात. आणि तुमची कंपनी देणगी मॅच करत असेल, म्हणजे तुमच्या देणगीत स्वतःची भर घालत असेल, तर तो फॉर्म भरा, आपल्या लोकांत आळसाने किती पैसे सुटतात याला गणती नाही.

"डेट रिलीफ" (कर्जातून सुटका) म्हणून रेडिओवर ओरडणाऱ्या कंपन्या आणि या संस्था यांत गल्लत करू नका. त्या तुमच्याकडून हप्ते घेतात, सावकाराशी घासाघीस करू म्हणतात, आणि तोवर दावा दाखल झालेला असतो.

जुनं फर्निचर, कपडे चालतील?

नाही हो.

आपल्याकडे भारतात असं काही आहे का?

थोडं आहे, थोडं कागदावर. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना दिवाणी कामातही मोफत वकील मिळतो, जिल्हा कोर्टात त्यांचं ऑफिस असतं, हे अमेरिकेपेक्षा पुढचं पाऊल आहे. पण दिवाळखोरीचं म्हणाल तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत अगदी गरिबांसाठी ‘फ्रेश स्टार्ट’ लिहिलंय, वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत, आणि तो भाग अजून लागूच केलेला नाही. साधा माणूस आजही मुंबईत १९०९ च्या आणि बाकी महाराष्ट्रात १९२० च्या कायद्याखाली जातो, म्हणजे जातच नाही, कारण कोणाला माहीतच नाही.

क्लिनिकला येताना काय आणू?

गेल्या ६० दिवसांच्या पगाराच्या स्लिपा, शेवटचा टॅक्स रिटर्न, बँकेची स्टेटमेंट्स, फोटो आयडी, सोशल सिक्युरिटी कार्ड. आणि पाकिटांची पिशवी असेल तर तशीच आणा, घरी फोडायची गरज नाही. चहा असतो, नानकटाई मी आणतो.